गोदाक्काच्या पाठीतली बाव

गोदाक्काला तात्या धुरींनी फसवलं. त्यांनी तिचा पैसा खाल्ला नाही की तिची खोली लाटली नाही. दोन छोटी वाक्यं त्यांनी चाळीला सांगायची होती, ती सांगितली नाहीत. तेवढ्यावरून एका बाईची खाणावळ बसली आणि मुंबई सुटली. मी धान्याचा व्यापारी आहे. फसवणूक म्हणजे काय हे मला दुसऱ्याने शिकवायला नको. हा शब्द मी तोलून वापरतो आहे.

हे सगळं आता लिहायचं कारण, गेल्या महिन्यात लालबागच्या तिच्या चाळीची स्मरणिका निघाली. माझ्याकडून दुकानाची जाहिरात घेतली होती, म्हणून एक प्रत फुकट आली. तीत तात्यांचा लेख आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात चाळीने काय काय केलं, कोण तुरुंगात गेलं, कोणी मोर्चे काढले, सगळं आहे. तात्यांचा काळ्या टोपीतला फोटोही आहे. शेवटी चार ओळी अशा: चाळीत गोदाक्का नावाच्या देवीभक्त खाणावळवाल्या बाई होत्या, तळहातावर पेटता कापूर घेऊन त्या आरती करीत, पुढे प्रकृतीमुळे त्या स्वखुशीने गावी गेल्या.

स्वखुशीने! मी ती स्मरणिका गल्ल्यावर आपटली तेव्हा समोरचं गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागे सरलं.

गोदाक्का मालवणकडची. नवरा गिरणीत होता, छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची खोली तिची. त्या एका खोलीत तिने खाणावळ घातली. गावी बायकामुलं ठेवून आलेले गिरणीकामगार तिच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. एक पाळी सुटली की एक पंगत, दुसरी सुटली की दुसरी. भोंगा झाला की ती पाट मांडायला उठे, घड्याळ तिच्याकडे नव्हतंच. बाई ठेंगणी, काळीसावळी, आवाज चिरका. खांद्यावरून पदर घट्ट ओढून कमरेला खोचलेला. पंगतीत पेपर वाचायला बंदी. "वाचूचा तर भायर जा, हयसर जेवचा," म्हणायची. ताटात टाकलेलं तिला खपत नसे, आणि कोणाला दुसऱ्यांदा आमटी वाढताना ती विचारतही नसे. माणसाच्या तोंडाकडे बघून वाढायची.

मी तेव्हा नुकता हमाली सोडून धान्याच्या दलालीत शिरलो होतो. दाणाबंदरातून नमुन्याच्या पिशव्या खांद्यावर टाकायच्या आणि खाणावळी गाठायच्या. मी साताऱ्याकडचा. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो, तर तिने वर न बघता विचारलं, "घाटावरचो मरे तू?"

"हो. तांदूळ दाखवायला आलोय. असा माल तुम्हाला लालबागेत मिळणार नाही."

तिने पिशवी पुढ्यात ओढली, डोळे मिटले आणि हात कोपरापर्यंत आत घातला. बोटं तळाशी फिरवली. मग डोळे उघडले.

"वरचो तांदूळ बरो आसा. खाली नवो मिसळलंस."

मी तापट माणूस. मी आवाज चढवला, आईची शपथ घेतली, पिशवी उचलून निघालोही. ती शांतपणे ताट वाढत होती. "आधी जेव," म्हणाली, "मगे भांड."

मी जेवलो. तिसळ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी होती. जेवण झाल्यावर मला भांडता येईना, आणि तिने तिला हवा तो भाव ठरवून घेतला. पुढे कित्येक वर्षं ती मला असंच हरवत आली. मी नवीन काहीतरी शोधून जायचो, ती डोळे मिटून पिशवीत हात घालायची, खडा असेल तर दोन बोटांत धरून बाहेर काढायची आणि माझ्या पुढ्यात ठेवायची. बाजारातले मुरलेले व्यापारी दाणा उजेडात धरून बघत, ही मिटल्या डोळ्यांनी ओळखे. तिच्या बोटांना काय काय कळत होतं याचा मी साक्षीदार आहे, आणि पुढच्या गोष्टीत ही साक्ष महत्त्वाची आहे.

कारण त्याच बोटांना चटका कळत नसे.

सांडशी तिच्या घरात खुंटीला होती, ती काढलेली मी कधी पाहिली नाही. भाताचा टोप ती नुसत्या हातांनी चुलीवरून उतरवायची. निखाऱ्यावरची भाकरी बोटांनी परतायची. नवा गडी जेवायला आला की हे बघून त्याचा घास हातात राही. जुने त्याला कोपराने ढोसून सांगत, "आक्काचा हात आहे तो. जेव." तिच्या हातांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातावर डाग असायचेच, कोण बघतो?

दुसरी एक लकब होती. हसायला आलं की ती एक हात मानेच्या मागे नेऊन मान घट्ट धरायची आणि मग हसायची. लोकांना तो नखरा वाटे. पंगतीतले तरणे गडी मुद्दाम विनोद करायचे, तिने मान धरावी म्हणून. "हसवू नको रे मेल्या," ती म्हणायची, "मान फुटता." खोकला आला तरी तेच. पुढे पुढे ती हसायचं टाळायला लागली. कोणी गंमत सांगू लागलं की उठून चुलीकडे जायची. मला वाटायचं, वैधव्यात हसणं शोभत नाही म्हणून जात असेल.

चाळीच्या नवरात्रात ती सगळ्यांत मागे उभी राही. विधवा बाई, पुढे कोण येऊ देणार? प्रसादाचं सगळं रांधायची ती, आणि आरतीला उभी राहायची जिन्याच्या तोंडाशी. एका वर्षी आरती ऐन रंगात असताना कोणाचा तरी धक्का लागला, तबक कलंडलं आणि पेटता कापूर खाली पडला. शेजारी पताकांचे कागद होते. लोक मागे सरले. गोदाक्का माणसांतून वाट काढत पुढे आली, पेटता कापूर तळहातावर उचलला आणि तसाच देवीपुढे धरून उभी राहिली. आरती संपेपर्यंत. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

तात्या धुरी नवरात्र मंडळाचे अध्यक्ष. गिरणीच्या हापिसात कारकून, इंग्रजी जाणणारे, चाळीत शब्दाला मान. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "हा देवीचा हात आहे!" झालं. पुढच्या वर्षीपासून गोदाक्का पहिल्या रांगेत. तात्यांनी दादरपासून गिरगावपर्यंत गवगवा केला. दुसऱ्या चाळींतून माणसं बघायला येऊ लागली. तात्या त्यांना पुढे बसवत आणि गोदाक्काची ओळख करून देत, जणू ती त्यांनीच घडवली होती.

मी एकदा तिला सरळ विचारलं, "आक्का, खरंच देवीचं काही आहे का हे?"

ती तांदूळ निवडत होती. "माका दुखना नाय, तर त्यात देवीचा काय? लहानपणी दुखायचा. मगे दुखायचा बंद झाला." मग जरा थांबून म्हणाली, "इतकी वर्सा मी जिन्याकडे उभी रवलंय. आता म्हणतत, आक्का, फुडे येवा. कोणाक सांगू नको हां, घाट्या."

मी कोणाला सांगितलं नाही. तिचा कापूर पेटत राहिला.

मग चळवळीचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हटल्यावर गिरणगाव पेटून उठलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. चाळीच्या रस्त्याच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी असे. दुकानं बंद, दूध नाही, भाजी नाही. माझ्याकडे थोडा तांदूळ होता आणि मी चाळीतच अडकलो होतो. गोदाक्काने खाणावळीचं दार उघडं टाकलं. ज्यांच्या घरी बायकामुलं होती तीही जेवायला आली. सगळी चाळ तिच्या हातचं जेवली. तात्याही जेवले. गॅलरीत बसून ते लोकांना म्हणत होते, "लढा असा लढायचा असतो! एका पंगतीत!"

त्या दिवसांत एका दुपारी ती मोठ्या टोपात कुळथाची पिठी ढवळत होती. मी दारात बसलो होतो. ती ढवळता ढवळता थांबली, नाक वर केलं.

"कसलो वास येता रे? कोणाचा काय करपला?"

मी बघितलं. तिचा डावा हात चुलीच्या तोंडाशी टेकलेला होता, लाकडाच्या टोकाला. करपत होता तो तोच. मी ओरडून तिला मागे ओढलं. ती हाताकडे असं बघत होती, जसं दुसऱ्या कोणाची वस्तू घरात सापडावी. आणि मग तिने काय केलं असेल? दुसऱ्या हाताने ढवळायला घेतलं. "पोरा जेवची आसत," म्हणाली.

ती जखम भरली नाही. पू झाला, वास येऊ लागला. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो तिच्या हातावर बसला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागली होती. झडलेली कातडी, वाकडी बोटं, न दुखणारी जखम. कोणीतरी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. महारोग.

कोणी उच्चारला हे मला ठाऊक नाही. पण चाळीत शब्दाला पाय फुटायला वेळ लागत नाही. आधी जेवणारे आपापली ताटं घेऊन येऊ लागले. तिने ते बघितलं आणि त्याच ताटांत वाढलं. मग काही जण म्हणाले, गावाहून मंडळी आली आहेत, आता घरीच जेवू. कोणाची मंडळी आली नव्हती. मग नळावरच्या बायकांनी तिला सांगितलं, "आक्का, तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर या." त्याच बायकांनी संचारबंदीत तिच्या हातची पेज पोरांना पाजली होती.

आणि त्या वर्षीच्या नवरात्रात ती पुन्हा जिन्याच्या तोंडाशी. कोणी तिथे जा म्हटलं नाही. ती पुढे आली तेव्हा पहिली रांग फक्त थोडी दाटीने उभी राहिली.

तेव्हा तात्या म्हणाले, "नुसतं बोलून काय उपयोग? तपासून आणू. मी स्वतः घेऊन जातो." चाळीला बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. ते तिला परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. परत आले ते संध्याकाळ व्हायच्या आत. गॅलरीत, जिन्यात लोक जमले होते. गोदाक्का खाली मान घालून आपल्या खोलीत गेली. तात्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"डॉक्टर मोठे आहेत," ते म्हणाले. "म्हणाले, दुखणं फार दुर्मीळ आहे. यावर औषध नाही. तेव्हा आता... समजून घ्या."

लोकांनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी खाणावळीत मी एकटा होतो.

त्या दिवसांतली गोदाक्का मला अजून दिसते. भोंगा झाला की उठायची. पाट मांडायची, तेवढेच, पूर्वीइतके. जिन्यात पावलं वाजली की दाराकडे बघायची, पावलं पुढे निघून जायची. मी जेवत असताना ती समोर बसून बघत राही. पूर्वी तिने मला जेवताना कधी बघितलं नव्हतं, वेळच नसायचा. मी उठलो की म्हणायची, "घाईत आसस? बस मरे जरा." मी पुन्हा बसायचो. खालच्या नाक्यावर तात्यांचं भाषण चालू असायचं. मुंबई आपल्या घामाची आहे, इथून आपल्याला कोणी काढू शकत नाही, असं काहीतरी. आवाज तिच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू यायचा.

एकदा मी सवयीने तांदळाचा नमुना घेऊन गेलो. तिने डोळे मिटले, वाकड्या बोटांचा हात पिशवीत घातला, आणि खालून कणी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

माझं डोकं तिथे चालायला लागलं. माझ्या गावाकडे महारोगाची माणसं मी बघितली होती. त्यांच्या बोटांना काही म्हणजे काही कळत नसे, खालची वस्तू डोळ्यांनी बघून उचलावी लागे. आणि ही मिटल्या डोळ्यांनी कणी वेचते? मग हे कसलं दुखणं? मी म्हटलं, "आक्का, उठा. आपण पुन्हा जाऊ."

"खंय?"

"डॉक्टरकडे."

"तात्या जावन इले मरे."

"तात्यांचा नमुना झाला. मला पोतं उघडून बघायचंय."

डॉक्टर तेच होते. वयस्कर पारशी, भुवया दाट, मराठी मोडकं. गोदाक्काला बघताच त्यांनी ओळखलं. मला वाटलं हाकलतील. पण त्यांनी तिला टेबलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि सगळी तपासणी माझ्या समोर पुन्हा केली, बहुधा माझ्या चढलेल्या आवाजामुळे. कापसाचा बोळा हातावरून हलकेच फिरवला. "हां, हयसर," ती लगेच म्हणाली. जिथे जिथे कापूस लागला तिथे तिथे तिने बरोबर सांगितलं. मग टाचणी. "काय तरी लागता, पण टोचना नाय." मग काचेच्या दोन नळ्या, एकीत उकळतं पाणी, एकीत बर्फाचं. दोन्ही हातांना, दंडांना, खांद्यांनाही तिला फरक सांगता येईना. आणि त्याच नळ्या पायाला लावल्या तेव्हा गरम नळीला तिने पाय झटकन मागे घेतला.

"बगितला?" डॉक्टर मला म्हणाले. मग तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, हसला, खोकला, तर इथे मागे दुखते? मानेमंदी?"

गोदाक्काने चमकून माझ्याकडे बघितलं. "तू सांगलंस ह्येंका?"

मी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीला आम्ही इतकी वर्षं नखरा म्हणून हसलो, ती त्या माणसाने न सांगता ओळखली. गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. जळत्या हाताने तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांच्या आतून एक दोरखंड खाली जातो, सगळ्या अंगाच्या तारा त्यात असतात. गोदाक्काच्या दोरखंडाच्या मधोमध पाणी साठून एक लांबट पोकळी झाली आहे, मानेपासून खाली. ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगते. दुखण्याची आणि गरम-गारची खबर नेणाऱ्या तारा एका बाजूकडून दुसरीकडे जाताना नेमक्या त्या मधल्या जागेतून ओलांडतात, म्हणून त्या आधी तुटतात. स्पर्शाच्या तारा मागच्या अंगाने सरळ वर जातात, त्या शाबूत राहतात. म्हणून तिला तांदळातली कणी कळते आणि निखारा कळत नाही. पोकळी आणखी फुगली की हाताच्या स्नायूंच्या तारा दबतात, म्हणून बोटं वाकतात. हाताचा यात काही दोष नाही, कातडीचाही नाही. सगळा बिघाड पाठीत. नाव त्यांनी सांगितलं, सिरिंगोमायेलिया. मी ते पाठ केलं. ऑपरेशन म्हणून एक गोष्ट आहे, पण त्यात जिवाचा भरवसा देता येत नाही, म्हणाले.

"म्हणजे माझ्या पाठीत बाव आसा म्हण की," गोदाक्का म्हणाली. बाव म्हणजे तिच्याकडे विहीर. डॉक्टरांना ते कळलं नाही, मी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले.

"बराबर! विहीर! आता गरम पाणीला हात नाय लावायचा. आधी पाय लावून बगायचा. पाय चांगला हाय तुझा."

"चुलीवरच्या टोपात पण पाय घालू?" ती म्हणाली, आणि मान धरून हसली. कित्येक महिन्यांनी.

मी विचारलं, "डॉक्टर, हे कुणाला लागतं का? चाळीत लोक महारोग म्हणतात."

त्यांच्या दाट भुवया वर गेल्या. "अरे बाबा, मी तुमचा तो काळी टोपीवाला साहेबला सगळा सांगितला! इंग्लिशमंदी सांगितला, दोन वेळा सांगितला. हा महारोग नाय. कोणाला लागत नाय. चाळीमंदी जाऊन सगळ्याला सांगा, असा पण बोलला. तो बोलला, हो हो, सांगतो."

ती दोन वाक्यं ही. हा महारोग नाही. हे कुणाला लागत नाही.

तात्या जे बोलले त्यातला एक शब्द खोटा नव्हता. दुर्मीळ दुखणं, औषध नाही, समजून घ्या. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा पसरून ठेवतात आणि खालचा लपवतात, हे मी रोज बघतो. इथे तात्यांनी उलटं केलं. वाईट तेवढं तोंडाशी ठेवलं आणि चांगलं होतं ते तळाशी दाबलं.

मी तडक नाक्यावर गेलो. मोर्चा निघायच्या बेतात होता. तात्या बाकड्यावर उभे होते.

"तात्या, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा सगळ्यांना."

"अरे, ही काय वेळ आहे?"

"दोन वाक्यं आहेत. एवढ्या माणसांसमोर सांगा."

तात्या खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, लोक एकत्र आलेत. आता त्यांच्यात नवा वाद नको. राज्य मिळू दे. मग निवांत बसून बोलू."

"मग मीच सांगतो!" मी वळून ओरडलो. "गोदाक्काला महारोग नाही! डॉक्टरांनी माझ्या देखत सांगितलंय!"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "शेटला तांदळाची काळजी पडलीय!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आमच्या घरी पोरंबाळं आहेत. तुम्ही जेवा तिच्याकडे!"

"जेवतोच!" मी म्हटलं. तोपर्यंत घोषणा सुरू झाल्या होत्या.

पुढचे काही दिवस मी दारोदार फिरलो. दोर काय, तारा काय, पोकळी काय, सगळं समजावलं. माणसं दारात उभी राहून ऐकत आणि आत बोलवत नसत. त्यांचंही खरं. मी सौदे करणारा माणूस, तांदूळ विकण्यासाठी आईची शपथ घेताना त्यांनी मला ऐकलं होतं. माझ्या शब्दाला तेवढीच किंमत होती. तात्यांचा शब्द चालला असता. गोदाक्का हे माझ्या आधी समजून चुकली होती. "तुझा कोण ऐकतलो?" ती म्हणाली. "तात्यांनी सांगितल्यार ऐकतले. तू उगाच भांडतंस."

"तुम्ही जाऊन विचारा त्यांना."

"गेल्लंय मी," ती म्हणाली. "दारातसून म्हणाले, आक्का, देवीचा नाव घेवा नि घरी बसा."

तात्यांनी असं का केलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ती दोन वाक्यं सांगितली की हाताला चटका का कळत नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि देवीचा हात खोटा ठरला असता. इतकी वर्षं लांबलांबची माणसं बोलावून आपण एका बाईचं आजारपण दाखवत होतो, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. हा माझा अंदाज. खरं कारण त्यांना ठाऊक.

गोदाक्का गावी निघाली तेव्हा राज्य अजून व्हायचं होतं. खोलीला कुलूप लावून किल्ली तिने माझ्याकडे दिली. टोप, पाट, सगळं आत ठेवलं, म्हणजे परत यायचं तिच्या मनात असणार. मी तिला भाऊच्या धक्क्यावर सोडायला गेलो. चाळीतून कोणी आलं नाही. गॅलरीतून मात्र सगळे बघत होते.

बोटीला वेळ होता. ती ट्रंकेवर बसली, दोन्ही हात पदराखाली. मी वाटेसाठी म्हणून थोडा तांदूळ बांधून आणला होता, दुकानातला सगळ्यात चांगला. तिने गाठ सोडली, सवयीने डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटं नीट उघडत नव्हती, तरी तिने ती तळापर्यंत फिरवली. कितीतरी वेळ. मग दोन बोटांच्या फटीत काहीतरी धरून बाहेर काढलं. खडा.

"शेवटापर्यंत फसवलंस, मेल्या," ती म्हणाली.

तिने तो खडा पाण्यात टाकला, एक हात मानेमागे नेला, आणि मान घट्ट धरून हसली. बोट सुटली तेव्हा तिच्या डेकवर माणसं खचाखच उभी होती. गोदाक्का कठड्याशी होती. हात मानेवरच होता, निरोपाला तिने तो हलवला नाही. तिच्या आसपास लोकांनी नकळत थोडी जागा सोडलेली होती. ती मला बोट बरीच लांब जाईपर्यंत दिसत राहिली.

ती परत आली नाही. एक दोन वर्षांनी तिकडचा एक माणूस सांगत आला की ती गेली, चुलीशी भाजून. तिला चुलीपासून दूर ठेवायची काळजी घरच्यांपैकी कोणी घेतली नव्हती, कारण तिथेही तिची चूल वेगळीच होती.

तात्या, तुम्ही आता ऐंशीच्या घरात आहात. हे वाचाल, वाचायला चष्मा लागत असेल तर कोणाकडून वाचून घ्याल. राज्य मिळून कितीतरी वर्षं झाली. त्या दिवशी चाळीच्या प्रत्येक खोलीबाहेर पणत्या लागल्या होत्या, एका खोलीबाहेर सोडून. तुम्ही म्हणाला होतात, राज्य मिळू दे, मग निवांत बसून बोलू. मी वाट बघितली. तुमच्या सत्काराला येऊन मागच्या खुर्चीवर बसलो, तुम्ही शालीच्या आड माझी नजर चुकवलीत. स्मरणिका निघाली, तीत तुम्ही 'स्वखुशीने' लिहिलंत.

डॉक्टरांनी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही हो हो म्हणाला होतात. मग गॅलरीत आल्यावर टोपी काढून घाम पुसलात, ती टोपी पुन्हा घालेपर्यंत तुमच्या मनात काय आलं? ते मला सांगा. मला एकट्याला नको, चाळीसमोर सांगा, गॅलरीत उभे राहून. गोदाक्काने मला कधीही उपाशीपोटी भांडू दिलं नाही. मी आज जेवून बसलो आहे, तात्या. बोला.